नेमचिन्ह

नेमचिन्ह : नेम धरणाऱ्याची दृष्टी, त्याच्या हातातील साधन आणि लक्ष्य ही एका रेषेत आली आहेत किंवा नाहीत, हे दाखविणारी खूण. दुर्बिणीतील परस्परांस छेदणारे बारीक तंतू, बंदुकीच्या नळीवरील माशी व खाच, परावर्ती नेमसाधनातील प्रकाशबिंदू आणि संगणकीय नेमबाजी खेळात पडद्याच्या मध्यभागी दिसणारी फुली ही सर्व नेमचिन्हाचीच रूपे होत. यांपैकी शेवटचे रूप क्रॉसहेअर या नावाने प्रसिद्ध असून स्पर्धात्मक खेळांत त्याचा आकार, रंग, जाडी, मध्यातील मोकळी जागा व हालचाल ही प्रत्येक खेळाडू आपल्या सोयीनुसार ठरवितो. प्रस्तुत नोंदीत या खुणेचा इतिहास, तिच्यात फेरबदल करण्याचा अधिकार यंत्र घडविणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे कसा आला आणि खानदेशात तिची निरनिराळी रूपे कोणत्या क्रमाने आली, यांचा परामर्श घेतला आहे.

प्रारंभ : नेमचिन्हाचा उगम शस्त्रात नसून ज्योतिषशास्त्रीय उपकरणात आहे. गॅलिलीओच्या पद्धतीच्या दुर्बिणीत आतल्या आत सत् प्रतिमा तयार होत नाही. त्यामुळे तिच्यात कोणतीही खूण ठेवली, तरी ती दृश्याबरोबर स्पष्ट दिसत नाही. योहानेस केप्लर याने १६११ मध्ये वर्णिलेल्या दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीत मात्र वस्तुभिंगाच्या नाभीय प्रतलात सत् प्रतिमा पडते. त्याच प्रतलात एखादा तंतू ताणून बसविल्यास तारा व तंतू ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. ही गोष्ट इंग्रज ज्योतिर्विद विल्यम गॅस्कॉइन याच्या १६४० च्या सुमारास लक्षात आली. त्याच्या उपकरणात कोळ्याने जाळ्याचा धागा ओढला होता आणि तो धागा दृश्यात ठळकपणे उमटला, असे त्यानेच नमूद केले आहे. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत गॅस्कॉइन मारला गेल्याने त्याचा शोध काही काळ मागे पडला. पुढे फ्रान्समध्ये आद्रियँ ओझू व झां पीकार यांनी १६६७ च्या सुमारास कोनमापक उपकरणांवर तंतुयुक्त दुर्बिणी बसविल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या कामी कोळ्याचे तंतू मुद्दाम वापरण्यात येऊ लागले. कारण तेवढा बारीक, सारख्या जाडीचा व ताण सहन करणारा दुसरा धागा त्या काळी उपलब्ध नव्हता.

या तंतूंना जागच्या जागी किंचित सरकविण्यासाठी स्क्रू असत. तंतूंचा छेदबिंदू भिंगाच्या अक्षावर अचूक नसेल, तर मोजलेला प्रत्येक कोन चुकतो. म्हणून उपकरण वापरण्यापूर्वी ते जुळवून घेणे हे निरीक्षकाचे पहिले काम ठरले. नेमचिन्हात फेरबदल करण्याच्या प्रथेचे मूळ या जुळवणीत आहे. येथे फेरबदलाचा हेतू एकच होता : खूण खरी करणे. निरीक्षकाच्या आवडीनिवडीला त्यात वाव नव्हता.

खानदेशातील पूर्वपीठिका : नेमसाधनांच्या स्थित्यंतराचे निरनिराळे टप्पे ज्या प्रदेशांत लागोपाठ दिसून येतात, त्यांपैकी खानदेश हा एक होय. आजचे जळगाव व धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे मिळून या प्रदेशाचा बहुतेक भाग होतो. सातपुड्यातील भिल्लांचे पारंपरिक शस्त्र म्हणजे बांबूचे धनुष्य. त्याची प्रत्यंचाही बांबूच्या चिरलेल्या पट्टीची असे. या धनुष्यावर कोणतीही खूण नसते. हाताचा ताण, प्रत्यंचा ओढण्याची ठरलेली जागा व लहानपणापासूनचा सराव यांनीच नेम साधला जातो. म्हणजे नेमचिन्ह साधनावर नसून धनुर्धराच्या अंगवळणी पडलेले असते. अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, या महाभारतातील प्रसिद्ध कथेतही एकाग्रतेचेच वर्णन आहे, साधनाचे नाही.

१८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव (आता जळगाव जिल्हा) हे तिचे ठाणे होते. १८९१ मध्ये ती पोलीस दलात विलीन करण्यात आली. पलटणीच्या या सहा-सात दशकांतच जगभर बंदुकीच्या नेमसाधनात मूलगामी बदल झाला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीवर नळीच्या टोकाशी एक लहानसा उंचवटा एवढीच काय ती खूण असे. यालाच मराठीत माशी म्हणतात. अशा बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसल्याने अधिक बारीक खुणेची गरजही नव्हती. १८५३ च्या एन्‌फील्ड बंदुकीसारख्या आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका आल्यावर मागील बाजूस वरखाली सरकणारी, शेकडो यार्डांचे आकडे कोरलेली पट्टी बसविण्यात आली. लक्ष्याच्या अंतराप्रमाणे ही पट्टी शिपायाने स्वतः लावावयाची असे. शस्त्रागारात एकदा ठरविलेली खूण प्रसंगानुसार बदलण्याचे काम अशा रीतीने प्रथमच सामान्य शिपायाच्या हाती आले.

याच सुमारास दृष्टिरेषेचे दुसरे एक साधन खानदेशच्या शेतांत अवतरले. महसुली मोजणीतील शंकू म्हणजे काठीवर बसविलेले, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दृष्टिरेषा दाखविणारे उपकरण होय. शंकू आणि साखळी यांच्या साह्याने शेताची लांबी-रुंदी व क्षेत्रफळ काढीत आणि त्यावर आकारणी बसवीत. १८५२ मध्ये ही मोजणी सुरू होताच सावदा, यावल, एरंडोल या भागांत रयतेने तीव्र विरोध केला आणि बंदोबस्तासाठी सरकारला फौज आणावी लागली. विरोधाचे मुख्य कारण वाढीव आकारणीचे भय हे होते. तथापि ज्या रेषेवरून आपल्या जमिनीचे माप ठरते ती रेषा लावणारा एक व तिचा परिणाम सोसणारा दुसरा, आणि ती पडताळून पाहण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती नाही, ही विषमताही त्या प्रसंगी उघड झाली. नेमचिन्ह कोणी लावावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो, हे या घटनेवरून लक्षात येते.

शस्त्रातील जुळवणी : विसाव्या शतकात नेमचिन्हाचे स्वरूप आणखी बदलले. डब्लिन येथील भिंगकार हॉवर्ड ग्रब याने १९०० मध्ये परावर्ती नेमसाधनाचे पेटंट घेतले. त्यात प्रकाशित खुणेची प्रतिमा तिरप्या काचेवर अशी पाडली जाते, की ती अनंत अंतरावर असल्यासारखी दिसते. त्यामुळे डोळा किंचित इकडेतिकडे झाला, तरी पराशयामुळे होणारी चूक अत्यल्प राहते. लढाऊ विमानांत या साधनाचा प्रसार झाला. १९७५ मध्ये स्वीडनमधील एमपॉइंट या संस्थेने विद्युत् प्रकाशाचा लाल ठिपका दाखविणारे छोटे नेमसाधन विक्रीस आणले. संगणकीय खेळांत ‘रेड डॉट’ या नावाने परिचित असलेली खूण हिचीच नक्कल होय.

खऱ्या शस्त्राच्या बाबतीत नेमचिन्ह व नळी या दोन वेगळ्या वस्तू असतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दृष्टी सरळ रेषेत जाते. गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली झुकते व वाऱ्याने बाजूस सरते. म्हणून दोन्ही मार्ग ठराविक अंतरावर एकत्र यावेत अशी जुळवणी करावी लागते. काडतुसांचा संच बदलला, तरी गोळी लागण्याची जागा थोडी बदलते व जुळवणी पुन्हा तपासावी लागते. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. अशा कारखान्यात दारूचे वजन, गोळीचे वजन व टोपीचा आकार यांतील सूक्ष्म फरकांवर सतत लक्ष ठेवावे लागते. कारण शिपायाने लावलेला नेम खरा ठरणे अखेर या एकसारखेपणावर अवलंबून असते.

क्रीडा-नेमबाजीतही हेच तत्त्व आढळते. ऑलिंपिक रायफल प्रकारांत दुर्बीण वापरण्यास मनाई असते. नळीच्या टोकाशी एक कडे व डोळ्याजवळ बारीक छिद्र, अशी रचना असते. कड्याचा व्यास व जाडी खेळाडू आपल्या दृष्टीनुसार व प्रकाशानुसार निवडतो. मागील छिद्र मात्र ‘क्लिक’च्या टप्प्यांनी वरखाली वा बाजूस सरकवून गोळीची जागा बदलता येते. म्हणजे येथे दोन प्रकारचे फेरबदल एकत्र नांदतात : एक डोळ्याच्या सोयीचा व दुसरा गोळीच्या मार्गाचा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत (२०१० च्या जागतिक स्पर्धेतील सुवर्णपदक) आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे (२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक) यांनी ५० मी. रायफल प्रकारांत मिळविलेल्या यशामागे सरावाबरोबरच अशा जुळवणीची शिस्तही आहे. संगणकीय खेळात या दोन प्रकारांपैकी केवळ पहिलाच शिल्लक राहतो, हे पुढील विवेचनात दिसेल.

संगणकीय खेळांतील उदय : १९८० मध्ये अटारी कंपनीने काढलेल्या बॅटलझोन या नाण्यावर चालणाऱ्या खेळात रणगाड्याच्या परिदर्शकातून दिसणारे दृश्य रेषांनी दाखविलेले होते व मध्यभागी नेमचिन्ह होते. शत्रूचा रणगाडा नेमात येताच त्या चिन्हाचा आकार बदले. हे चिन्ह खेळ रचणाऱ्याने ठरविलेले असे. खेळणाऱ्याला त्यात काहीही बदलता येत नसे. १९९३ च्या डूम या खेळात तर नेमचिन्हच नव्हते. शस्त्र पडद्याच्या मध्यभागी दिसे आणि लक्ष्य उंचावर वा खाली असल्यास संगणक तेवढी उभी दुरुस्ती आपोआप करी.

१९९६ च्या क्वेक या खेळात दृश्य खऱ्या अर्थाने त्रिमितीय झाले आणि माऊसने वरखाली पाहता येऊ लागले. नेम साधण्याचा संपूर्ण भार खेळाडूवर आल्याने मध्यबिंदू दाखविणाऱ्या खुणेची गरज निर्माण झाली. या खेळात अधिकाच्या चिन्हासारखी साधी खूण आज्ञा देऊन चालू करता येई. खेळाच्या आज्ञा साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवण्याची सोय असल्याने प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र मांडणी-फाइल तयार होऊ लागली. १९९९ च्या क्वेक ३ अरीना या खेळात अनेक तयार चिन्हांतून एकाची निवड करता येऊ लागली. फेरबदलाचा अधिकार अशा रीतीने खेळ रचणाऱ्याकडून खेळणाऱ्याकडे आला.

मिन्ह ली व जेस क्लिफ यांनी हाफ-लाइफ या खेळावर आधारून १९९९ मध्ये तयार केलेल्या काउंटर-स्ट्राइक या खेळाने नेमचिन्हाला नवा अर्थ दिला. त्यात चार आखूड रेषा व मध्यभागी मोकळी जागा अशी खूण असून खेळाडू धावू लागला किंवा सतत गोळ्या झाडू लागला, की रेषा परस्परांपासून दूर सरकत. त्या वेळी गोळी नेमकी मध्यबिंदूवर जाण्याची खात्री नाही, असे त्यातून सूचित होई. लांब पल्ल्याच्या काही बंदुकांना दुर्बीण लावल्याखेरीज नेमचिन्हच दिसत नसे. या उणिवेवर अनेक ठिकाणच्या खेळाडूंनी संगणकाच्या काचेवर मध्यभागी चिकटपट्टीचा तुकडा किंवा शाईचा ठिपका लावून उपाय शोधला. खेळाच्या नियमाने जी खूण नाकारली ती पडद्याबाहेरून आणण्याचा हा प्रयत्न होता. न्याय्य फेरबदल व अनुचित लाभ यांच्या सीमेचा वाद तेव्हापासूनचा आहे.

रचना व फेरबदल : काउंटर-स्ट्राइकच्या २०१२ व २०२३ मधील आवृत्त्या आणि २०२० मध्ये आलेला व्हॅलोरंट हा खेळ यांत नेमचिन्हाचे पुढील घटक बदलता येतात : (१) रेषांची लांबी व जाडी; (२) मध्यातील मोकळी जागा; (३) मध्यबिंदू असावा की नसावा; (४) रंग व पारदर्शकता; (५) रेषांभोवतीची काळी कड; (६) हालचालीबरोबर रेषा फाकाव्यात की स्थिर राहाव्यात.

या प्रत्येक घटकामागे दृष्टीचे शास्त्र आहे. सर्वसाधारण २४ इंची पडद्यावर आडव्या रांगेत १,९२० चित्रबिंदू असल्यास एका चित्रबिंदूची रुंदी सु. ०·२८ मिमी. भरते. ६० सेंमी. अंतरावरून पाहताना तो डोळ्याशी सु. १·६ कलांचा कोन करतो. निरोगी डोळ्यास सु. एक कलेइतका फरक ओळखता येत असल्याने एक चित्रबिंदू जाडीची रेषाही दिसू शकते. परंतु पार्श्वभूमी सारखी बदलत असल्यास ती हरवते. जाड रेषा चटकन दिसते, पण दूरच्या लक्ष्याचे डोके झाकून टाकते. मध्यातील मोकळी जागा फार लहान असल्यास हाच दोष उद्भवतो. फार मोठी असल्यास मध्य कोठे आहे याचा अंदाज डोळ्याला करावा लागतो. रंगाच्या बाबतीत हिरवा व निळसर हिरवा हे रंग अधिक पसंत केले जातात. उजेडात मानवी डोळा सु. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशास सर्वांत अधिक संवेदनशील असतो, हे त्याचे एक कारण; खेळांतील भिंती व जमीन बहुधा तपकिरी किंवा करड्या असतात, हे दुसरे. लाल-हिरवा भेद न ओळखू शकणाऱ्या खेळाडूस मात्र पिवळा वा निळसर रंग निवडावा लागतो. त्याच्यासाठी ही सोय चैनीची नसून खेळात सहभागी होण्याची अट ठरते.

गतिमान चिन्ह नवशिक्यास उपयुक्त असते; धावताना गोळी झाडू नये, हा धडा ते डोळ्यांसमोर सतत ठेवते. अनुभवी खेळाडूस ही माहिती सरावाने अवगत झालेली असल्याने तो बहुधा लहान व स्थिर चिन्ह निवडतो. या बाबतीत त्याची स्थिती सातपुड्यातील धनुर्धरासारखी असते. खूण जितकी अंगात मुरते तितकी ती बाहेर कमी लागते.

येथे खरे शस्त्र व खेळ यांतील मूलभूत भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. खेळात नेमचिन्ह व गोळीची दिशा यांची सांगड आज्ञावलीनेच घातलेली असते. स्थिर उभ्या असलेल्या खेळाडूची पहिली गोळी पडद्याच्या मध्यबिंदूच्या दिशेनेच जाते. नंतरच्या गोळ्यांचे विखुरणे शस्त्राच्या ठरविलेल्या गुणधर्मांवर व खेळाडूच्या हालचालीवर अवलंबून असते. नेमचिन्ह कितीही लहान, मोठे वा रंगीत केले, तरी गोळीच्या मार्गात केसभरही फरक पडत नाही. गॅस्कॉइनचा तंतू व एन्‌फील्डची पट्टी सरकविल्याने मापन किंवा मारा बदले. खेळातील फेरबदलाने केवळ पाहणे बदलते. ‘अचूक मारा करणारे नेमचिन्ह’ म्हणून जी मांडणी गौरविली जाते, तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. त्याचबरोबर सतत मांडणी बदलत राहिल्यास डोळ्याची सवय मोडते व सरावाचे फळ कमी होते.

२०२२ मध्ये व्हॅलोरंट या खेळात नेमचिन्हाची संपूर्ण मांडणी अक्षरे व अंक यांच्या एका सांकेतिक ओळीत साठविण्याची सोय करण्यात आली. काउंटर-स्ट्राइकमध्येही अशी सोय आहे. ही ओळ नकलून घेतली, की नामांकित खेळाडूचे नेमचिन्ह क्षणात आपल्या पडद्यावर येते. पूर्वी ज्याचा शोध चुकत-माकत घ्यावा लागे ते आता विनामूल्य व तंतोतंत मिळू लागले.

खानदेशातील प्रसार : जळगाव व धुळे या जिल्ह्यांत संगणकाचा परिचय प्रथम तंत्रशिक्षणाच्या व नंतर सायबर कॅफेंच्या द्वारे वाढला. जळगावजवळील बांभोरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) १९९० मध्ये व शिरपूरचे आर. सी. पटेल तंत्रशिक्षण संस्थेचे महाविद्यालय २००१ मध्ये स्थापन झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत संगणक तासाच्या भाड्याने मिळत व ते परस्परांस जोडून काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ खेळले जात. भाड्याच्या संगणकावर स्वतःची मांडणी टिकत नसे. आधीच्या गिऱ्हाइकाचे नेमचिन्ह व माऊसचा वेग पुसून आपला लावण्यात भाड्याच्या वेळातील काही मिनिटे जात. म्हणून आज्ञा पाठ करणे किंवा मांडणी-फाइल पेन ड्राइव्हवर बाळगणे सोयीचे ठरे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यभर झालेल्या भारनियमनाची झळ या कॅफेंनाही बसली.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले व परिस्थिती पालटली. २०१८ मध्ये आलेला पबजी मोबाइल हा खेळ संगणक नसलेल्या घरांतही पोहोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ जुलै २०२२ मध्ये मोबाइलच्या विक्रीमंचांवरून काढण्यात आला व मे २०२३ मध्ये परत उपलब्ध झाला. मोबाइलवर फुलीपेक्षा दुर्बिणीच्या वेगवेगळ्या पटींसाठी बोटाचा व फोन तिरपा करण्याचा वेग किती ठेवावा, ही मांडणी अधिक महत्त्वाची असते. कारण लहान पडद्याचा काही भाग अंगठ्यांनीच झाकला जातो. रेड डॉटचा रंग व आकार येथेही बदलता येतो. या मांडणीची ‘क्रॉसहेअर’, ‘सेन्सिटिव्हिटी’, ‘स्कोप’ ही नावे मराठी बोलण्यात इंग्रजी रूपातच रूढ झाली आहेत.

स्पर्धात्मक दृष्ट्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या खेळाडूचे स्थान पाहावयाचे, तर नेमचिन्ह ही त्याची अडचण उरलेली नाही, असेच म्हणावे लागते. जळगाव व मुंबई यांमधील लोहमार्गाचे अंतर सु. ४२० किमी. आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सु. २ लक्ष किमी. वेगाने जात असल्याने या अंतरासाठी जाण्यायेण्यास चार-पाच मिलिसेकंद पुरतात. खेळाचा सर्व्हर मुंबईऐवजी सिंगापूर येथे असल्यास मुंबईपासूनच्या सु. ३,९०० किमी. अंतरासाठी किमान ३९ मिलिसेकंदांची भर पडते. प्रत्यक्षात यापेक्षा मोठा विलंब घरापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात, गर्दीच्या वेळी होतो. पडद्याचाही प्रश्न आहे. सेकंदास ६० वेळा चित्र बदलणारा पडदा १६·७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवितो. २४० वेळा बदलणारा ४·२ मिलिसेकंदांनी. दोन समान कुशल खेळाडूंत एवढा फरकही निर्णायक ठरू शकतो. जगज्जेत्या खेळाडूचे नेमचिन्ह भडगाव वा साक्री येथील मुलास एका ओळीत मिळते. त्याचा पडदा, त्याची जोडणी व सरावाचे निर्वेध तास मात्र मिळत नाहीत. फेरबदलाच्या स्वातंत्र्याने साधलेली समता खरी आहे. परंतु ती पडद्याच्या मध्यापुरतीच मर्यादित आहे.

नियम व मान्यता : खेळात दिलेल्या सोयींनी नेमचिन्ह बदलणे सर्वत्र वैध मानले जाते. नेम आपोआप लक्ष्याकडे खेचणारी बाह्य आज्ञावली वापरणे ही मात्र फसवणूक होय. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील एका आशियाई स्पर्धेत भारतीय संघातील एका खेळाडूच्या संगणकावर अशी आज्ञावली आढळली व संपूर्ण संघ बाद झाला. या घटनेने भारतीय खेळाडूंच्या विश्वासार्हतेस मोठा धक्का बसला. पडद्यात अंगभूत बसविलेले नेमचिन्ह किंवा काचेवरील ठिपका यांचे स्थान या दोहोंच्या मध्ये येते. ते नेम खेचत नाही, परंतु खेळाने जाणीवपूर्वक न दिलेली खूण पुरविते. त्यांच्या वापराविषयीचे मत एकसारखे नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडा हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घालून ई-क्रीडेस वेगळी मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नेमबाजी खेळांचे हिंसक रूप सौम्य करण्याकडेही कल दिसतो. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत पबजी मोबाइलच्या विशेष आवृत्तीत माणसांऐवजी निर्जीव लक्ष्यांवर नेम धरावयाचा होता. त्याच वर्षी सिंगापूर येथील ऑलिंपिक ई-क्रीडा मालिकेत आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या सहभागाने फोर्टनाइट या खेळातील लक्ष्यवेधाची स्पर्धा घेण्यात आली. पडद्यावरील नेमचिन्ह अशा रीतीने क्रीडा-नेमबाजीच्या लक्ष्यफलकाजवळ येत आहे.

समालोचन : कोळ्याच्या तंतूपासून सांकेतिक ओळीपर्यंतच्या पावणेचारशेहून अधिक वर्षांत नेमचिन्ह लावण्याचा अधिकार उपकरण घडविणाऱ्यांकडून व ते चालविणाऱ्या तज्ज्ञांकडून सर्वसामान्य खेळाडूकडे आला. १८५२ मध्ये खानदेशच्या शेतकऱ्यास जी रेषा पडताळता येत नव्हती, तशी रेषा आज त्याच प्रदेशातील विद्यार्थी आपल्या पडद्यावर हवी तशी आखू शकतो. मात्र हे स्वातंत्र्य मिळेपर्यंत रेषेचे कार्यही बदलले आहे. ती आता माप किंवा मारा ठरवीत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यास केवळ आधार देते. म्हणून उत्तम नेमचिन्हाची कसोटी एवढीच, की ते लक्ष्य झाकत नाही, पार्श्वभूमीत हरवत नाही आणि दीर्घकाळ न बदलता वापरता येते. त्यापुढील सर्व भाग सरावाचा आहे. तो सराव करण्याची समान संधी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध होणे, यावरच खानदेशासारख्या प्रदेशातील ई-क्रीडेची वाढ अवलंबून राहील.